पाणसळ

सिंकच्या कडेला लेस्टरने चिकटवलेली पाणसळ,
बोटाएवढी, आत पोपटी पाणी,
आणि त्यात एक बुडबुडा,
जो आजवर कुणाच्या बापाचं ऐकलेला नाही.

कुठेही थांबलो की पहिलं काम हेच.
तो खाली, चाकापाशी, पिवळ्या पाचरी घेऊन.
मी आत, कंबरेत वाकून ओरडतेय,
"अजून जरा. अजून. बस्स! गेला ना पुढे."
इन्व्हरकार्गिलच्या घरात एकतीस वर्षं काढली,
जमीन सपाट आहे का
हे कुणी कुणाला विचारलं नाही.

आता अंडं ओट्यावर ठेवलं की कळतं.
तिरप्या जागी फ्रिज रुसून बसतो
आणि अंघोळीचं पाणी मोरीची जाळी सोडून
दाराकडे निघतं,
जणू फिरायला जायचं त्यालाच ठरलं होतं.

चमचा हवा असेल तर आधी छत्री काढायची,
छत्रीसाठी घडीच्या खुर्च्या,
खुर्च्यांसाठी लेस्टरला उठवायचं,
लेस्टर उठला की त्याला चहा हवा,
आणि चहाला चमचा.

गॅस कांदा अर्धा परतल्यावर संपतो.
तोही रात्री. तोही पावसात.
उन्हात संपलेलं सिलिंडर मी अजून पाहिलेलं नाही.
पाण्याच्या टाकीला चार दिवे आहेत,
चारही दिवे भरलीय, भरलीय म्हणत राहतात
केसांना शाम्पू लागेपर्यंत.

घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणे.
आमचं तर रोज फिरतं,
वासे नाहीत, पण काहीतरी खडखडतं
डावीकडच्या वळणावर, फक्त डावीकडच्या.
तीन वर्षं शोधतोय.
कपाटं रिकामी केली, तव्याला मोजा घातला,
लेस्टर म्हणतो, तुझा चष्मा असेल.
चष्मा माझ्या नाकावर.

होकिटिकाला, संडासाच्या पेट्या रिकाम्या करायच्या रांगेत,
हेमी भेटला, मूळचा ओपोटिकीचा.
पूर्वी बायका पाणवठ्यावर बोलायच्या,
आम्ही इथे बोलतो, उलट्या पाणवठ्यावर,
आपापली पेटी बॅगेसारखी चाकांवर ओढत,
विमान चुकलेल्या माणसांसारखे.
हातात ती पेटी असली की कुणी फुशारकी मारत नाही.

कसं चाललंय, मी विचारलं.
"वाकडं," हेमी म्हणाला, आणि हसला.
मग म्हणाला, बुडबुडा नायरी बघायची.
आता पाचर मी लावतो,
मीच आत चढतो, बघतो, परत उतरतो,
चौथ्या खेपेला गुडघा नाही म्हणतो.
मार्चपासून तिरकाच झोपतोय.
सवय होते.
पाण्याचा पाइप त्याने नीट गुंडाळला,
कोहनीभोवती, आठाच्या आकड्यात.

मला काही सुचलं नाही.
पेटीचं झाकण लावलं, हात धुतले, दोनदा.

संध्याकाळी त्याच्या गाडीत जाऊन उभी राहिले.
आमच्यासारखीच गाडी, फक्त पडदे इस्त्रीचे.
हुकांना दोन मग, एकाच्या तळाशी धूळ.
त्याची पाणसळ खिडकीखाली,
बाजूला पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलेलं,
"हेमी, घाई नको."
मी वाकले आणि ओरडले,
"अजून जरा."
खाली तो थांबला. बराच वेळ काहीच हललं नाही.
मग गाडी कुरकुरली, एक इंच वर आली.
"अजून," मी म्हटलं.
"बस्स. आता बस्स."

परत आले तर लेस्टर दारात,
हातात चप्पल, तोंड लाल.
मी जाताना दार उघडं टाकलं होतं
आणि होकिटिकातल्या झाडून साऱ्या चिलटांनी
आमच्याकडे बिऱ्हाड केलं होतं.
रात्रभर दोघं खाजवत बसलो,
त्याचा घोटा, माझी मान,
अगदी सपाट अंथरुणावर.