कितीची आहे?

काउंटीच्या कचेरीत, तळमजल्यावर, लिफ्टला लागून
माझा काउंटर आहे. कॉफी, खारे शेंगदाणे,
डोकेदुखीच्या गोळ्या. एकोणीस वर्षं झाली.
खिडकी उघडली की मिसिसिपीवरच्या बार्जचा भोंगा आत येतो.

या देशात एकची नोट आणि शंभरची नोट
एकाच मापाची, एकाच पोताची.
म्हणून मी विचारते, कितीची आहे?
माणूस म्हणतो, दहाची.
मी दहाची म्हणून घेते, आडवी दुमडते,
सुटे मोजून देते.
एकची सरळ. पाचची उभी घडी. वीसची दोनदा.
रात्री लोरेन गल्ला मोजतो,
तेव्हा क्वचित एखादी दहाची, एकची निघते.
कोणाची, ते मला साधारण कळतं. बुटांवरून.
मी बोलत नाही.

मंगळवारी तिसऱ्या मजल्यावर बोलावणं आलं.
पेन्शनचा नियम बदलला आहे.
यापुढे नवऱ्याचा पगार धरणार,
आणि डोळे दर तीन वर्षांनी नव्याने तपासणार,
दृष्टीत सुधारणा झाली असल्यास.

आवाज ओळखीचा. दोन साखर, झाकण नको.
मी म्हटलं, कीगन, माझे दोन्ही डोळे काचेचे आहेत.
डावा पहिलीत असताना काढला,
उजवा त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात.
हवा तर काढून टेबलावर ठेवते.
तो बराच वेळ गप्प. मग की-बोर्ड.
म्हणाला, मिसेस स्टॅलमायर, तो रकाना रिकामा सोडता येत नाही.
डॉक्टरचा कागद लागेल.
नुसत्या शब्दावर नाही चालत.

लोरेन धान्याच्या कोठारावर रात्रपाळी करतो.
जेवताना म्हणाला, घेऊ या का घटस्फोट, कागदापुरता?
मी हसले. तो हसल्याचं ऐकू आलं नाही.
नंतर बराच वेळ तो एकच बशी पुसत होता.

गुरुवारी कीगन खाली आला.
मी साखर घातली, झाकण लावलं नाही.
नोट पुढे आली.
कितीची आहे?
वीसची, तो म्हणाला. जरा हळू.

मी ती बोटांत धरून राहिले.
मागे रांगेत कोणीतरी किल्ल्या खुळखुळवत होतं.
म्हणावंसं वाटलं, कागद आण.

मग दुमडली. दोनदा.