नावदुरुस्ती

अरबीत 'प' नाही.
म्हणून मनामाच्या इस्पितळात पहिल्याच दिवशी
पद्माकर पोफळेचा बदमाकर बोफली झाला
आणि माझा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला.
बाब अल-बहरीनच्या मागच्या गल्लीत
टायपिंगच्या दुकानात अकरा वर्षं मी हेच करतो:
नावदुरुस्ती, दोन दिनार, उद्या या.

गाठ मानेत होती. आवळ्याएवढी, न दुखणारी.
सित्र्याच्या यार्डात वेल्डिंगच्या मास्कचा पट्टा
तिला टेकला, तेव्हा कळली.
रात्री घामाने त्याची चादर भिजायची,
आम्ही खोलीतले सगळे एसीला शिव्या देत राहिलो.

डॉक्टरीण इजिप्तची. म्हणाली, हॉजकिन.
पोफळे माझ्या कानाशी:
"हा कोण? आपल्या कंपनीतला?"
मी तिला सांगितलं. ती हसली,
मग खुर्ची ओढून सांगत बसली.
लंडनचा डॉक्टर. दोनशे वर्षं होत आली.
मेलेल्यांच्या अंगात अशा गाठी पाहिल्या,
लिहून ठेवल्या. फारसं कुणी वाचलं नाही.
तीसेक वर्षांनी दुसऱ्याला तेच दिसलं,
त्याला वाटलं, आपणच पहिले,
आणि मग जुना कागद हाती आला.
त्याने आजाराला स्वतःचं नाही,
त्या विसरलेल्याचं नाव दिलं.

"भला माणूस," पोफळे म्हणाला.
"पण गाठी ज्यांच्या होत्या, त्यांची नावं?"

हे मात्र मी अरबीत सांगितलं नाही.

मग तिने पडद्यावर पेशी दाखवली.
एकीच्या पोटात दोन गोल, टक्क उघडे.
घुबडाचे डोळे म्हणतो आम्ही, ती म्हणाली.
पोफळेचा चेहरा उतरला.
त्याच्या गावात घुबडासमोर कुणाचं नाव घेत नाहीत.
ते ऐकतं, पाठ करतं, रात्रभर घोकत बसतं
आणि इकडे माणूस झिजत जातो.

खाली काउंटरवरची मुलगी म्हणाली,
नाव बघून घ्या नीट,
औषधाच्या प्रत्येक पिशवीवर आता हेच छापणार.
मी पेन काढलं.
पोफळेने माझं मनगट धरलं. वेल्डरची पकड.
"राहू दे.
घोकू दे त्याला बदमाकर."

सहा महिने, बारा पिशव्या.
दर खेपेला नर्स दारातून हाक मारायची, बदमाकर!
आणि तो आधी इकडेतिकडे बघायचा,
मग जरा उशिराने उठायचा,
दुसऱ्याच कुणाच्या तरी वतीने.