सुपुर्दनामा

निकाल एका ओळीत संपला.
साहेबांनी पुढची फाइल ओढली
आणि माझ्या वकिलांनी, कस्तुऱ्यांनी, पेनाला टोपण लावलं.
बाहेर आल्यावर म्हणाले, अपील आहे, तीस दिवस आहेत.
मी हो म्हटलं.
माझं लक्ष त्यांच्या काळ्या कोटाच्या काखेत
सुकलेल्या मिठाकडे होतं.

सिव्हिल लाइन्सपासून तांडापेठेपर्यंत पायी आलो.
एप्रिल होता. डांबर चप्पल धरून ठेवत होतं.
घरी सांगितलं, तारीख पडली.
बायकोने ते खरं मानलं,
किंवा मला तसं वाटू दिलं.

कर्ज निमज्याचं. सही माझी.
पतसंस्थेच्या कागदावर, जामीनदार या शब्दापुढे,
मी नाव इतकं वळणदार काढलं होतं
की क्लार्क म्हणाला होता, अक्षर छान आहे तुमचं.

वर्षाने, पुन्हा एप्रिलात, बेलीफ आला. खोंडे नावाचा.
आधी दोन तांबे पाणी प्यायला,
मग कुलरसमोर बसून यादी करू लागला:
टीव्ही एक. लोखंडी कपाट एक, आरसा तडकलेला.
शिलाई मशीनपाशी पेन थांबलं.
"हे नाही लिहीत. हातचं हत्यार हाय बाईचं.
गळ्यातलं बी नाही. भांडे बी राहू द्या."
बायको आत गेली, चहा ठेवायला,
त्याच न लिहिलेल्या भांड्यात.

शेवटी मान वर न करता त्याने लिहिलं:
कूलर एक, जुना, चालू.
"सही करा. सामान तुमच्याच ताब्यात राहीन.
इकायचं नाही, हलवायचं नाही, मोडू द्यायचं नाही."
ह्या कागदाला सुपुर्दनामा म्हणतात.
ह्यावेळी मी सही छोटी केली.

आता कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागलीय
आणि कोर्टाचा कूलर आमच्या खिडकीत राबतोय.
रोज चार बादल्या पाणी, लाइटबिल आमचं.
पोरगी म्हणते, बाबा, सरकारी हवा जास्त गार लागते का हो?

नवतपाच्या तिसऱ्या दुपारी निमजे आला.
दाराशी उभा राहिला, मग बसला,
शर्टाची वरची दोन बटणं सोडून.
मी काही बोललो नाही. तोही नाही.
बऱ्याच वेळाने मोटारीचा आवाज बदलला, कोरडा झाला.
कुणी न सांगता तो उठला,
मोरीतली बादली भरून आणली,
मागचं झाकण सरकवून पाणी ओतलं.
थोडं फरशीवर सांडलं.
ते त्याने पायानेच पुसलं.