राजीनाम्याचा मजकूर

नाक्याला माझं झेरॉक्सचं दुकान.
कोल्हापूर इथं संपतं.
पाटीच्या अलीकडं डांबर, पलीकडं खडी,
आणि के.एम.टी.चा कंडक्टर खाली उतरून
आमच्या गावाकडं तोंड करून तंबाखू मळतो.
आठ दिवस झाले, बस पुढं येत नाही.
'शहरात यायचं नाही म्हणता, मग शहराची गाडी कशाला?'
त्याचंही खरंच.

हद्दवाढीला होय की नाही,
डेअरीच्या वीस लिटरच्या कॅनमध्ये चिठ्ठ्या पडल्या.
नाही सहाशे अकरा. होय चारशे दोन.
कॅन तीनदा विसळला, तरी दोन दिवस
चहाला शाईचा वास येतोय म्हणायचे लोक.
मी काय टाकलं ते कॅनला माहीत.

त्याच रात्री उपसरपंच बाबगोंडा मगदूम आले.
ताई, राजीनामा काढा.
कारण?
घाला काहीतरी. वैयक्तिक.
सकाळी शेवंताबाई वरुटे, दुपारी रज्जाक नदाफ,
एक नाहीवाली, एक होयवाला.
मजकूर तोच, मी फक्त नाव बदलत गेले.
शेवंताबाईंच्या पत्रात 'निवडून आलो'चं 'आले' करायचं राहिलं,
त्यांनी तशीच सही ठोकली.

रूथ चोपडे माझ्या वर्गातली.
मिरजेत नर्सिंग करून आता आयर्लंडात,
सीमेजवळच्या एका गावात.
रविवारी चालता चालता फोनवर रस्ता दाखवते:
हे बघ, कडेची पिवळी रेघ संपली, पांढरी लागली.
झाला दुसरा देश.
कुणी अडवलं? कुणी नाही.
पण समुद्रापलीकडच्या म्हाताऱ्यांनी मत दिलंय म्हणते,
आता ह्या रेघेवर फाटक बसवायचं का,
ह्यावर रोज भांडण,
आणि मंत्री राजीनामे देतायत, दोन-दोन पानी.
दोन पानी? म्हटलं, आमच्यात पाच ओळीत होतं.
हसली. मग म्हणाली,
माझ्या वॉर्डातली शिकाऊ पोर ही रेघ ओलांडून कामाला येते.
मतदान झालं तेव्हा सतराची होती.

माझी मृणाल सतरा वर्षं दहा महिन्यांची.
गावसभेला ती खिडकीच्या बाहेर होती,
गजाला धरून.
आत आण्णा, माझे सासरे, माईक हातात:
घरफाळा चौपट करतील,
गायरानावर आरक्षण टाकतील,
म्हशीला परवाना मागतील!
टाळ्या.
खिडकीतून आवाज आला,
'म्हैस विकून चार वर्षं झाली, आण्णा.'

तेव्हापासून ती ताट घेऊन जिन्यात बसते.
आण्णा ताटातली भाकरी मोडतात,
आणि अर्धी तशीच ठेवतात.
तिला शहरातल्या कॉलेजला पहाटेचा क्लास आहे,
नाक्यापर्यंत अडीच किलोमीटर चालत,
मोबाईलची बत्ती लावून.

परवा दुकान बंद करायला आण्णा आले.
कृती समितीचे ते खजिनदार, पावतीपुस्तक खिशात.
मला पण एक काढून दे.
कारण?
बराच वेळ नाक्याकडं बघत होते,
जिथं रिकामी बस वळून उभी होती.
लिही... मला असं किती दिवस राहायचंय इथं.
हे लिहू?
नको नको. वैयक्तिकच असू दे.

कागद निघाला, त्यांनी हातभर लांब धरून वाचला.
सही उद्या करतो म्हणाले.
पावतीपुस्तकही काढलं खिशातून, परत ठेवलं.

कागद ट्रेमध्येच राहिला.
आज मृणाल नमुना सहा काढायला आली,
नवीन मतदारांचा, दोन महिने आधीच.
टोनर संपत आलाय, म्हटलं, आधी रद्दीवर बघ.
तिनं हाताला आला तो कागद पालथा घातला.
अर्ज उमटला, फिकट, कडेला काळा पट्टा.
मग तिनं उलटून बघितलं.
सगळं वाचलं. खाली नाव होतं, वर जागा मोकळी.

काही बोलली नाही.
दोन्ही बाजूंनी छापलेला तो कागद
चार घड्या करून दप्तरात टाकला,
आणि नाक्याकडं निघाली.
पाटीपाशी आण्णा उभे होते,
कपाळावर आडवा हात धरून,
बस आली का बघत.