बुधवारपर्यंत

बुधवारपर्यंत कळवा, असं पत्रात आहे.
पत्र मी ब्रेडच्या डब्याखाली ठेवलंय,
म्हणजे टॉर्कल ते फाडणार नाही
आणि मलाही दिवसातून दोनदाच दिसेल.

पहिली शाळा गावातली. दोन खोल्या, चौदा मुलं,
खिडकीत समुद्र, समुद्रापलीकडे काही नाही.
बाई म्हणाल्या, आपलाच मुलगा आहे, येऊ दे की.
मग दाराशी, आवाज उतरवून:
मदतनीस मिळेल, सकाळी दोन तास. मंजुरी आली तर.
आपलाच, हा शब्द मी घरापर्यंत पुरवून पुरवून आणला.
किती वाजता तो परका होतो,
ते विचारायचं राहिलं.

दुसरी स्टॉर्नोवेला. सव्वा तास टॅक्सी,
हिवाळ्यात जातानाही अंधार, येतानाही,
रस्त्यात मेंढ्या बसलेल्या, उठायची घाई नसलेल्या.
तिथे एक निळी खोली आहे, मऊ भिंतींची,
चित्रांचे तक्ते, जड पांघरूण,
आणि इव्हांडर नावाचा एक तरुण शिक्षक,
जो टॉर्कलशी बोलण्याआधी जमिनीवर बसला
आणि मग बोललाच नाही.
ते मला आवडलं.

पण तिथे सगळं इंग्रजीत.
स्पीच थेरपिस्ट भली बाई आहे. म्हणाली,
एकच भाषा ठेवा, त्याच्यावर ओझं नको.
त्याच्याकडे शब्द नऊ.
मागावर ताण्याचे धागे मोजते तसे मोजलेत मी.
नऊतले सात सासऱ्यांच्या गेलिकमधले:
दूध, होडी, कुत्रा, पुरे, पुन्हा,
पावसासाठी एक,
आणि एक, ज्याचा अर्थ कुणालाच लागलेला नाही,
पण सासरे शपथेवर सांगतात, गेलिकच आहे.
यातलं ओझं कुठलं, ते मी ठरवायचं.

तिसरी मुख्य भूमीवर. आधी जहाज, मग बस, मग आणखी एक बस.
सहा आठवडे तिथे, एक आठवडा घरी.
माहितीपुस्तक गुळगुळीत; तट्टावर बसलेला मुलगा हसतोय,
कुणाचा तरी, कधीचा तरी.
मर्डोने ते तीनदा वाचलं. चहा निवला.
मग म्हणाला, तिथे पोहायला शिकवतात.

माझा संताप झाला. या घरात पोहायला कोणाला येतं?
त्याच्या बापाला नाही, आज्याला नाही;
बोट उलटली तर लवकर सुटका व्हावी,
असं म्हणणारी माणसं ही.
ताटं आपटून झाल्यावर आठवलं,
मर्डो रोज सामनच्या पिंजऱ्यांवर उभा असतो, पाण्यावर,
आणि गेल्या महिन्यात धक्क्याच्या टोकाला
टॉर्कलच्या कॉलरला ज्या हाताने धरलं,
तो हात त्याचाच होता.

नणंद म्हणते, मोठा झाला की बोलेल.
दुकानातली पेगी म्हणते, मन घट्ट कर.
म्हणजे काय करू, हे कोणी सांगत नाही.

रात्री मी मागावर बसते. तो खाली, पावड्यांजवळ,
गाल लाकडाला लावून.
धागा तुटला. मी थांबले, गाठ मारायला.
पुन्हा, तो म्हणाला.
ही विनंती नव्हे. आवाज बंद पडला की
त्याच्या पायाखालची जमीन जाते.
हे शिकायला मला दोन वर्षं लागली,
आणि मी तर त्याची आई.

आज दुपारी इव्हांडरला फोन केला.
विचारलं, सात शब्द शिकाल का?
तो म्हणाला, सांगा. मी सांगत गेले,
पलीकडे पेन्सिल चालल्याचं ऐकू येत होतं.
सातव्याला थांबले. म्हटलं, याचा अर्थ माहीत नाही.
बरं, म्हणाला, उच्चार सांगा, तोही लिहून ठेवतो.

पत्र बाहेर काढलंय. पेनही आहे.
पोहायचं मात्र राहिलंच.
मर्डो अजून यायचा आहे,
भरती उशिराची आहे आज.
उद्या बुधवार.