पडद्याची मागची बाजू

मंडईच्या रात्री, लाखांदूरकडच्या आमच्या गावात,
धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत
दोन बांबूंच्या मध्ये पांढरं कापड ताणलं
आणि त्यावर शेटजीचा खून झाला.

पुढं गडी बसले, मागं बाया.
कोणी ठरवलं होतं माहीत नाही.
मी सहा वर्षांचा, म्हणून बायांत.
मागून सगळं उलटं:
नावाची अक्षरं पाठ फिरवून उभी,
पण तिकडं कोणालाच वाचता येत नव्हतं,
त्यामुळं काही बिघडलं नाही.
बोलणं तेवढं जनरेटरनं खाल्लं.

सिनेमा हसण्याचाच.
शेटजी मेलेला, आणि घरातला जो तो
आपल्यावर नाव नको म्हणून
त्याला दुसऱ्याच्या खोलीत नेऊन ठेवायचा.
एकदा कपाटात. एकदा पंगतीत, टोपी घालून, पुरीपुढं.
प्रत्येक खोलीत तेच बंद पडलेलं घड्याळ
आणि कारण नसताना आडवी जाणारी
एक पांढरी कोंबडी.

सायत्रामावशी माझ्या शेजारी, ओच्यात फुटाणे.
मावशी डेबरी.
डाव्या हातानं वाढते म्हणून एका लग्नात
भर पंगतीत तिच्या हातची पळी काढून घेतली होती,
तेव्हापासून ती आधी माणसाचा हात बघते,
चेहरा मागाहून.
दुसऱ्या रिळालाच म्हणाली,
"अगं माय, हे तं सारे माह्यावाणी!"
खरंच. इन्स्पेक्टर डाव्या हातानं सलाम ठोकत होता,
शेटाणी डाव्या हातानं कुंकू पुसत होती,
आचारी डाव्या हातानं झारा हलवत होता,
कापडावरचं अख्खं जग डेबरं.
एकटा मुनीम उजव्या हातानं लिहायचा.
"थोच होय. घाव कोन्या बाजूनं हाय पाय ना,
बाकीच्यायचा हात तेथं पुरतच नाही."
एवढं बोलून ती फुटाणे खात बसली,
डाव्या हातानं, चारचौघींत.

शेवटच्या रिळाआधी डिझेल संपलं.

मग तो खून गावात वीस वर्षं चालला.
डोमाजी शिंपी म्हणे, सदऱ्याचं तिसरं बटन
कपाटात काळं होतं, पंगतीत पांढरं,
मंजे मढं बदललं.
मेश्राम गुरुजी म्हणत, कोंबडी मंजे सत्य,
सगळ्यांच्या पायांतून जातं, धरत कोणी नाही.
"गुरुजी, थे कॅमेरावाल्याची असन," चैतराम म्हणे,
"रातच्याले खाल्ली असन त्यायनं."
गडी म्हणत, खून चार वाजून दहा मिनिटांनी झाला,
घरात आचारी एकटा.
बाया म्हणत, आठाला दहा कमी होते,
सारे पंगतीत अन् मुनीम कोठं होता?
एकाच घड्याळापायी एक नवराबायको
पोळ्यापर्यंत बोलले नाहीत.
मावशीला कोणी विचारलं नाही.

मागच्या महिन्यात तो सिनेमा मला मोबाईलवर सापडला.
शेवटी आचाऱ्यालाच धरतात,
घड्याळावरून.
हाताचं कोणी नावच काढत नाही.
बनवणाऱ्यांनाही माहीत नसावं
मुनीम म्हणून आपण डेबरा माणूस घेतलाय.
कोंबडीचं तर काहीच नाही.

गावी गेलो, मावशीला दाखवला.
थोडा वेळ बघून तिनं मोबाईल दूर सारला.
"हा थो नोहोय."
मी खिळ्यावरचा आरसा उतरवला,
मोबाईल त्याच्यापुढं धरला.
घड्याळात आठाला दहा कमी झाले.
कोंबडी आली तशी उलट्या बाजूनं आली.
मावशी सरकून जवळ बसली.
आचाऱ्याला बेड्या पडल्या तेव्हा
ती आरशातल्या इन्स्पेक्टरवर खेकसली,
"अबे, त्याले काहून धरतं?
तुह्या मांगं पाय!"
त्याच्या मागं मुनीम उभा होता,
उजव्या हातानं वही मिटत.