हिंग

दसऱ्याचं जेवण होस्टेलच्या अंगणात व्हायचं.
सतरंज्या, पत्रावळी, गल्लीतले बेचाळीस म्हातारे-म्हाताऱ्या,
आणि वाढता वाढता बोटं भाजून घेणारे आम्ही.
यंदा आम्ही सहाच उरलो, अंगणाला आडवी दोरी.
वॉर्डन म्हणाल्या, राहू द्या एक वर्ष.
तितरमारे म्हणाला, एक वर्ष राहिलं की राहूनच जाते, मॅडम.

तर वडाभात.
चणा, तूर, मूग, उडीद रात्री भिजवले,
पहाटे वाटले, जाडसरच.
वाटण गुळगुळीत झालं तर हेडाऊ आजी
दोन दिवस बोलत नाहीत.

मला जुलैपासून वास येत नव्हता.
हिंग, फिनाईल, उदबत्ती,
सगळं एकाच पांढऱ्या भिंतीसारखं.
फोडणी मी कानानं करायची:
मोहरी थांबली की मिरची,
आणि उईके शेजारी उभी राहून ओरडायची,
झाला, झाला, उतरव.

डब्यांवर चिकटपट्टी. नाव, मजला,
"बिनमिठाचं",
"दात नाहीत, वडे कुस्करून",
"बेल नको, फोन करा, कुत्रा भुंकते".
प्रत्येक झाकणावर आपट्याचं एक पान.

दीक्षाभूमीकडचा रस्ता पांढऱ्या कपड्यांशिवाय
पहिल्यांदा पाहिला.
इतका रुंद आहे, माहीत नव्हतं.

हेडाऊ आजी तिसऱ्या माळ्यावर. जाळीचं दार.
डबा ठेवून मी नियमाप्रमाणे तीन पायऱ्या उतरले.
"कुठं चालली वं?
सणाचं एकट्यानं जेवत नसते माणूस.
बस तिथंच. तुझा डबा काढ."
माझा डबा नव्हता.
बेचाळीस मोजताना स्वतःला मोजायचं राहिलं होतं.

तिनं झाकणात अर्ध काढलं, उंबऱ्याबाहेर सरकवलं,
दार पुन्हा लावून घेतलं.
सात महिन्यांनी मी तिची हनुवटी पाहत होते,
जाळीनं तिचे बारीक चौकोन केलेले.

"आजी, मला वास येत नाही. हिंग जळला तर नाही?"

घास हातातच राहिला तिचा.
मग तिनं नाक ताटाजवळ नेलं,
चष्म्यावर वाफ आली.
"हिंग बरोबर आहे.
मिरची जराशी पुढं गेली.
तेल शेंगदाण्याचं, पिंप आजच फोडला न?
कढीपत्ता कढीत उशिरा टाकला तुम्ही, पोट्ट्यांची घाई.
खालून बारापात्रेच्या घरचा झेंडू येऊन राहिला.
अन तुझ्या हातांचा तो दवाखान्याचा वास,
तो तर इथपर्यंत."

एकेक करून देत गेली.
मी जेवत गेले.
घास नुसता गरम होता, खारट होता,
पण कुठला कशाचा, आता माहीत होतं.

संध्याकाळी डबे परत आले.
रिकामं भांडं इकडे कोणी देत नाही:
चिमूटभर साखर, दहाचं नाणं,
सोनं म्हणून आमचंच पान उलटून,
एकात चिठ्ठी, "मीठ कमी. पुढच्या वर्षी पाहा."

मोजले. एक्केचाळीस.

हेडाऊ आजीचा फोन आला रात्री,
माझा उद्या नेजो, उन्हात ठेवीन म्हणते आधी,
हिंग लवकर सोडत नाही डब्याला.